वेंडेलचं जॅकेट

वेंडेल ऑट दुकानात शिरला तेव्हा मार्लिस काउंटरमागे बसून कुऱ्हाडीच्या दांड्यांना तेल लावत होती. दारावरची घंटा वाजली, तिनं मान वर केली, आणि फडकं धरलेला हात जागच्या जागी थांबला.

"गिऱ्हाईक आलंय," वेंडेल हसत म्हणाला. "की दारातनंच हाकलणार?"

"दुकान आहे. येईल त्याला विकते."

आयडाहोच्या त्या खोऱ्यात शिकारीचं सामान मिळणारं ते एकच दुकान. दुसरं खिंडीपलीकडे, आणि खिंडीतला रस्ता दरड कोसळून बंद होता. नाहीतर वेंडेल तिथं पाऊल टाकता ना. मार्लिसचा नवरा एमेट कितीतरी वर्षं त्याच्याकडे कामाला होता. बाहेरगावच्या हौशी शिकाऱ्यांना एल्क, म्हणजे तिकडची मोठी सांबरं, मारायला डोंगरात न्यायचं, हा वेंडेलचा धंदा. खेचरं लादायची, तळ ठोकायचा, मारलेलं जनावर पाठीवरून खाली आणायचं, ही सगळी मेहनत एमेटची. एका ऑक्टोबरात एमेट डोंगरातनं परत आला तो खेचरावर आडवा बांधलेला. थंडीनं गेला. अंगात नुसता लोकरी शर्ट, आणि शर्टाला व्हिस्कीचा वास.

"नको नको म्हणत असताना प्यायला आणि अंधारात भरकटला," असं वेंडेलनं गावाला सांगितलं. "जॅकेट त्यानंच कुठंतरी काढून टाकलं असणार. गारठून मरणारी माणसं कपडे काढतात." गावानं मान डोलावली. एमेट एके काळी पीत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी झाल्यावर त्यानं सोडली होती, हेही ठाऊक होतं; पण त्या दिवसापासून तेवढं कुणाला आठवेना. अंत्यविधीला आलेले लोक मार्लिसचा हात हातात घेऊन हळहळले ते दारुड्याच्या बायकोसाठी हळहळावं तसे. मुलगी शाळेतनं भांडून घरी यायला लागली, पुढं कॉलेजच्या निमित्तानं गेली ती या गावात परतलीच नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात ओहायोहून एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. कागदी पिशवीतनं त्यांनी एमेटचं जॅकेट काढून काउंटरवर ठेवलं. बाहीवर ठिणगीनं पडलेलं भोक मार्लिसनंच ठिगळ लावून बुजवलं होतं.

"ऑटसाहेबांच्या माणसानं दिलं होतं मला," गृहस्थ म्हणाले. "मी ओढ्यात पडून भिजलो होतो. साहेब त्याला म्हणाले, तुझं काढून दे. बिचाऱ्यानं अंगातनं काढून दिलं. मला त्याच रात्री खाली आणलं, परत करायचं राहून गेलं. त्याचं नाव तेवढं सांगाल का?"

मार्लिसनं नाव सांगितलं. पुढचंही सांगितलं. म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

तिनं ते जॅकेट शेरिफच्या कचेरीत नेऊन दाखवलं. रॉय इसाकसन तिथला डेप्युटी, भला माणूस. तो म्हणाला, "मार्लिस, जॅकेट दिलं हे खरं. पण म्हणून तो प्यायला नव्हता असं कसं म्हणायचं? त्या म्हाताऱ्यांना खाली आणल्यावर वरती दोघंच होते. एक बोलतोय, दुसरा बोलू शकत नाही."

तेव्हापासून मार्लिस वाट बघत होती. कशाची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"पिसांचं जॅकेट पाहिजे," वेंडेल म्हणाला. "हलकं. सगळ्यात हलकं असेल ते. एकटाच जातोय वर, हॅचेट डोंगराच्या माथ्यावर. हंगामाआधी कळप कुठं उतरलेत ते बघून येतो."

"एकटा?"

"हल्ली माणसं टिकत नाहीत गं. दोन दिवस ओझं उचललं की पळतात."

खुंट्यांवरनं जॅकेटं काढायला जाताना मार्लिसनं आरशात पाहिलं. वेंडेल डावा पाय जपून टाकत होता. गुडघा गेला होता आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून तो ताठ चालायचा. त्याला हलकं का हवं होतं, ते तिला कळलं.

तिनं तीन जॅकेटं काउंटरवर मांडली. पहिलं कृत्रिम धाग्याचं, जाडजूड, भिजलं तरी ऊब न सोडणारं. वेंडेलनं ते हातात तोललं आणि बाजूला सारलं. "हे घेऊन चढण्यापेक्षा मेंढरू खांद्यावर घेईन." दुसऱ्यात बदकांच्या छातीवरची मऊ लव भरलेली होती आणि त्या लवेनं पाणी धरू नये म्हणून थर दिलेला होता. कापड मुकं, हात हलवला तरी सळसळ नाही. तिसरं उशीच्या अभ्र्यासारखं पातळ. आतली लव उंची, हंसाची, मुठीत मावेल एवढी दबणारी. अंगात घातलं की पाठीवर ऊन पडल्यासारखं वाटायचं. पण त्याला थर नव्हता, आणि कापड असं की दव पडलं तरी पिऊन घेईल. कोरड्या गारठ्यात त्याच्यासारखं दुसरं नाही. पाण्यात ते ओल्या कागदाच्या लगद्यासारखं व्हायचं. मार्लिस ते शिकाऱ्यांना कधी विकत नसे. शहरातल्या पोरी घ्यायच्या.

वेंडेलनं तिसरं उचललं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे काय! हातात काही आहे की नाही?"

"घालून बघ."

त्यानं घातलं, हात पुढं करून दुर्बीण धरल्यासारखं केलं, टोपी कानावर ओढून मान फिरवली. "आवाजही नाही फारसा. अख्खा दिवस कड्यावर बसून दुर्बिणीतनं बघायचं तर असंच पाहिजे." मग त्यानं बाहीला लटकणारी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. चष्मा खिशात होता, पण तिच्यासमोर तो काढायची त्याची तयारी नव्हती. "भिजलं तर काय गं?"

मार्लिसनं दुसऱ्या जॅकेटकडं पाहिलं. मग वेंडेलच्या तोंडाकडं. याच तोंडानं चर्चच्या पायरीवर, एमेटची शवपेटी आत असताना, 'दारूनं घात केला' म्हटलं होतं.

"लवेला थर दिलाय," ती म्हणाली. "झटकलं की वाळतं."

"नक्की?"

"मी तुला कशाला खोटं सांगू, वेंडेल?"

तो हसला. जाताना दारात वळून म्हणाला, "एमेटचं ते सगळं... बरं झालं तू मनात ठेवलं नाहीस."

"सांभाळून जा," मार्लिस म्हणाली.

त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ हवामानाच्या बातम्या ऐकायला लागली. आकाश निरभ्र होतं तोवर तिला अन्न गोड लागेना. मग वायव्येकडनं ढग येणार असं सांगितलं, आणि तिनं स्वतःसाठी मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड भाजला, वर लोणी-मध घालून ताटभर खाल्ला. आधी पाऊस आला, मग पावसातच बर्फ मिसळला, अंगाला चिकटणारा, ओला. मार्लिस खिडकीशी उभी राहून बघत होती. एमेटला असंच आभाळ मिळालं होतं. याला मिळू दे, ती मनात म्हणाली. अगदी हेच.

पहाटे रॉयचा फोन आला. वेंडेल ठरल्या दिवशी उतरला नव्हता. एमेट गेल्यापासून मार्लिस शोधपथकात होती. डोंगराची प्रत्येक घळ तिला पाठ होती.

"तू नाही आलीस तरी चालेल," रॉय म्हणाला. "मी समजू शकतो."

"येते," ती म्हणाली.

होकार का दिला, ते चढताना तिच्या ध्यानात आलं. पहिला तास ती आनंदात चढली, प्रेत बघायला निघाल्यासारखी. पण झाडी विरळ झाली, वारा तोंडावर आला, तशी तिला वेंडेलची शवपेटी दिसायला लागली. चर्च भरलेलं. पुढं बसलेली मोठमोठी माणसं सांगतायत की वेंडेल ऑट डोंगराचा राजा होता, डोंगरातच गेला. आणि जाताना तो एमेटचं खरं मरण सोबत घेऊन गेला. मग एमेट कायमचा दारुडा. कुणाला विचारणार? ती थांबली, श्वास घेतला, आणि मग इतक्या जोरात चढायला लागली की जोडीदारीण कोरीन मागनं ओरडली, "अगं, दमानं!"

"तू धारेवरनं जा, मी घळीतनं जाते," मार्लिस म्हणाली आणि तिची वाट न बघता खाली वळली.

वेंडेल एका पडलेल्या देवदाराच्या आडोशाला सापडला. जॅकेट अंगाला चिकटलं होतं. आतली लव गोळे होऊन कप्प्यांच्या तळाशी बसली होती, खांद्यावर नुसतं कापड. ओठ काळेनिळे, दात कडकडत होते. कडकडत होते म्हणजे अजून वेळ होता.

"मा... मार्लिस," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

तिनं पाठपिशवी उतरवली. आतनं पथकाचं जाड, कोरडं जॅकेट काढलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं पांढरी पडली होती, लाकडासारखी.

मार्लिसनं जॅकेट मांडीवर ठेवलं आणि खांद्यावरच्या रेडिओचं बटण दाबलं. "रॉय, सापडलाय. जिवंत आहे. आणि त्याला काही सांगायचंय." त्या खोऱ्यात कुणी हरवलं की घराघरात शोधपथकाचा रेडिओ लावून बसायची सवय होती. सगळे ऐकत असणार, हे तिला माहीत होतं. वेंडेललाही.

"बोल," ती म्हणाली. "एमेट प्यायला होता?"

"आधी दे. दे गं आधी."

"एमेट प्यायला होता का?"

रेडिओतनं रॉय ओरडला, "मार्लिस! काय चाललंय? आधी कपडे घाल त्याला!" तिनं बटणावरचं बोट क्षणभर उचललं होतं, पुन्हा दाबलं.

"नाही," वेंडेल म्हणाला. "नव्हता प्यायला. मी... मी पाठवलं त्याला. त्या पाहुण्यानं मारलेल्या एल्कचं शिंगांचं डोकं राहिलं होतं वर. अस्वल नेईल म्हणून. तो म्हणाला, जॅकेट नाही माझ्याजवळ, सकाळी जातो. मी म्हटलं आत्ता जा."

"आणि वास? शर्टाला वास कशाचा होता?"

वेंडेलनं डोळे मिटले. "मी ओतली. सापडला तेव्हा... माझ्याकडची बाटली. लोक विचारतील म्हणून. मला वाटलं, तो तर गेलाच आहे."

वारा घळीतनं वाहत होता. मार्लिसला इतकं ठाऊक नव्हतं. दारू कुठनं आली असेल, याचा तिनं वर्षानुवर्षं विचार केला होता. कधी कधी, फार थकलेली असताना, तिनं स्वतः एमेटवर संशय घेतला होता. त्याच्या थडग्याशी उभं राहून एकदा तिनं त्याला विचारलंही होतं, का रे प्यायलास? ते आठवलं तशी ती उठली, जॅकेट हातात घेऊन चार पावलं लांब गेली. वेंडेल मागनं हाका मारत होता. त्या हाका बारीक होत चालल्या होत्या.

ती तिथं नक्की किती वेळ उभी होती, ते कुणाला कळलं नाही. मग परत आली, त्याच्या अंगावरचं ओलं जॅकेट सुरीनं फाडून काढलं, कोरडं चढवलं, आणि त्याला मागनं कवटाळून, स्वतःच्या अंगाची ऊब देत, कोरीन येईपर्यंत बसून राहिली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात किळसवाणी मिठी होती. तिनं ती सोडली नाही.

पुढचं भराभर झालं. ओहायोच्या म्हाताऱ्यांनी येऊन जबाब दिला. वेंडेलचा परवाना गेला, खेचरं विकली गेली, खटला उभा राहिला. रॉय मार्लिसला एवढंच म्हणाला, "तू तिथं जे केलंस त्यावर मला लिहावं लागलं. बटण अडकलं होतं म्हणून माझं तुला ऐकू आलं नाही, असं लिहिलंय." गावातल्या बायका केक घेऊन दुकानात आल्या. मार्लिसनं एकही घेतला नाही. "तेव्हा नाही आणलात," ती म्हणाली आणि दारावर 'बंद' अशी पाटी फिरवली.

मुलीला फोन करून तिनं सगळं सांगितलं. "आई," ती म्हणाली, "बाबांना मी पण दारुडं समजले." "मी पण," मार्लिस म्हणाली.

वेंडेलला भेटायला ती एकदाच गेली. शहरातलं इस्पितळ, खिडकीबाहेर वाहनतळ. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. बोटं बरीचशी काढावी लागली होती. पुढ्यात जेवणाचं ताट ठेवून नर्स कुठंतरी गेली होती.

"तू खोटं बोललीस," वेंडेल म्हणाला. "त्या जॅकेटबद्दल. मी विचारलं होतं तुला. नक्की का, असंही विचारलं होतं."

"हो."

"सांगेन मी लोकांना."

"सांग ना," मार्लिस म्हणाली. "कोण ऐकणार आहे तुझं?"

मग त्याची नजर ताटाकडं गेली. सुपावरनं वाफ येत होती. चमचा ताटाच्या कडेला, त्याच्या पट्ट्यांपासून अगदी जवळ. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि मागायला जीभ रेटेना म्हणून मिटलं.

मार्लिस खुर्ची ओढून बसली. चमच्याला हात न लावता सूप निवेपर्यंत बसली. मग उठली, कोट घातला आणि निघाली.