दोन नंबरचा रिमोट आणि बांधवाली

मी दोन नंबरचा रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, व्हिडिओ गेमचा. दुकानदार मला कंट्रोलर म्हणायचा, पण पेणपासून रोह्यापर्यंत पोरं मला रिमोटच म्हणतात, तर तेच बरं. रंग निळा, आता मळकट. पाठीला तडा गेलाय, त्यावर रबर चढवलंय. तड्याच्या बाजूला लाल नेलपॉलिशने काढलेलं एक अक्षर आहे, 'कि'. मित्रांनो, माझी सगळी गोष्ट त्या एका अक्षराची आहे. ती गोड नाही. गोड हवी असेल तर दुसऱ्या कुणाची वाचा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आम्ही जोडीने जन्मलो. काळा तो एक नंबर, निळा मी. पहिली काही वर्षं कुणाच्या तरी घरी गेली, मग आम्ही पेणच्या बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. तिथून निकेशने आम्हाला मशीनसकट उचललं. निकेश रोह्याला कंपनीत कामाला. घर खाडीकडच्या गावात. घरी बाप कान्हू आणि धाकटी बहीण किमया. ती तेव्हा अकरावीत होती.

निकेशने काळा घेतला. मी किमयाच्या हातात आलो. ती त्या घरची रीत होती. चांगलं ते दादाला. यावर मी काही बोलणार नव्हतो, पण बोललो.

खेळ जोडीचा होता. काळ्या रिमोटवर एक आडदांड गडी, त्याच्या मुठीतून आग निघायची. माझ्यावर एक बाई. तिची ताकद एकच. पडद्यावरची सोनेरी पट्टी भरली की माझ्या छातीवरचं उजवं बटण दाबायचं, मग ती समोर मातीची भिंत उभी करायची. भिंत तीन सेकंद टिकते. मग पट्टी रिकामी, आणि ती भरेपर्यंत बाई नुसती मार खाते. किमयाने तिचं नाव ठेवलं बांधवाली.

निकेश आग फेकायचा आणि ओरडायचा. "किमे, भिंत. अगो, आत्ता कशाला लावलीस? राक्षस कुठं हाय अजून."

"येतोय ना तो."

"येऊ दे की. तू झोपेत खेळतेस काय?"

चूक किमयाचीच होती, पण ती चूक त्या गावातल्याच माणसाने करावी अशी होती. त्यांची शेती खाडीच्या पातळीच्या खाली. मोठा बांध आहे म्हणून भात पिकतं. उधाणाची भरती यायच्या चार दिवस आधी अख्खं गाव चिखलाची ढेकळं घेऊन बांधावर जातं आणि दिसेल ती भेग बुजवतं. किमया चालायला लागल्यापासून हेच बघत आली. संकट लांब दिसलं की आधी माती टाकायची. म्हणून राक्षस पडद्याच्या कडेला दिसला की तिचा अंगठा माझ्यावर पडायचाच. भिंत उभी राहायची, पडायची, आणि मग राक्षस निवांत येऊन सोटा हाणायचा.

निकेश पहिल्या शिफ्टला गेला की ती एकटीच सराव करायची. मी घामाने भिजायचो. एका दुपारी कान्हू बांधावरून आला, पाय तसेच चिखलाचे, आणि ताट घेऊन टीव्हीसमोर बसला. बराच वेळ नुसता बघत होता.

"ते तुझं दार कवा लावतेस?"

"तो राक्षस येतो ना बाबा, त्याच्या आधी."

"आन मंग तो थांबतो व्हय दारात?"

"नाय. दार पडेपर्यंत थांबतो, मग येतो."

कान्हू हसला. "उघाडीची झडप कोन लावतो गो?"

उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं.

"कोणी नाय लावत. भरतीचं पाणी येऊन ढकलतं, मग ती लागते."

"मंग? झडप आधी लावली तर आतला पानी तुंबून भात कुजल. बांध आधी भरायचा, झडप नाय. ही तुझी बाई बांध नाय गो, झडप हाय. पानी अंगावर येऊ दे." एवढं बोलून त्याने भाजी मागितली.

त्या दिवसापासून किमयाचा अंगठा बदलला. ती राक्षसाकडे बघायची, पट्टीकडे नाही. तो सोटा उचलतो तेव्हा काही करायचं नाही. त्याचा डावा खांदा खाली येतो, तेव्हाही नाही. खांद्यानंतर एक श्वास, आणि मग दाबायचं. पहिले आठ दिवस बांधवाली दर वेळी मेली. नवव्या दिवशी सोटा अंगावर आला त्याच क्षणी भिंत उभी राहिली, आणि तो घाव उलटून राक्षसालाच बसला. पट्टीही अर्धी उरली. हे खेळात कुठेही लिहिलेलं नाही. तिथे फक्त 'भिंत उभी करते' एवढंच आहे. बाकीचं तिने शोधून काढलं. तेव्हा मी तिच्या हातात होतो, दुसरं कुणीच नव्हतं.

रविवारी तिने निकेशसमोर ते केलं. तो म्हणाला, "नशीब." तिने परत केलं. परत केलं. चौथ्यांदा शेवटचा राक्षस आडवा झाला, जो त्यांच्याकडून कधीच पडला नव्हता.

"रोह्याला टूर्नामेंट हाय," निकेश म्हणाला. "जोडीची. आपण दोघं जायचं."

तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, नवं रबर चढवलं आणि पाठीवर 'कि' काढला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी नाव घातलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी ती इस्त्रीचा ड्रेस घालून उंबऱ्यापाशी उभी होती. निकेशने मला बॅगेत टाकलं आणि चपला घालता घालता बोलला. "साईराज येतोय माझ्याबरोबर. कंपनीतला. तिथं सगळी पोरं असतात गो, तू कशाला. पुढच्या वेळी नेतो."

किमया म्हणाली, "मग माझा रिमोट ठेव."

"दोन लागतात," निकेश म्हणाला.

बस. एवढंच. हात लागतात असं नाही, शिकलेलं माणूस लागतं असं नाही. रिमोट दोन लागतात.

गाडीत निडी स्टेशन जाईपर्यंत निकेश साईराजला समजावत होता. भिंत उशिरा लाव, उशिरा. साईराज म्हणाला, "बटणच दाबायचंय ना रे, त्यात काय शिकवतोस." रोह्याच्या हॉलमध्ये त्याने माझी सगळी बटणं एकदम बडवली. पहिल्या फेरीत कसेबसे तरले. दुसऱ्या फेरीत राक्षस कडेला दिसला आणि साईराजने भिंत लावली. भिंत पडली, मग बांधवाली पडली, मग आगवाला.

"रिमोट खराब आहे तुझा," साईराज म्हणाला. "बटण अडकतं."

माझं बटण अडकत नव्हतं. निकेशला ते माहीत होतं. तो गप्प बसला. घरी येऊन त्याने तेच बोलून दाखवलं, "रिमोट खराब निघाला."

किमयाने भाकरीचं पीठ हाताला तसंच असताना मला उचललं. खेळ लावला. राक्षस आला, सोटा वर गेला, खांदा खाली आला, एक श्वास. घाव उलटला. तिने मला टीव्हीवर ठेवलं.

"रिमोट बरा हाय," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्यानंतर तिने मला हात लावला नाही.

याला तीन वर्षं झाली. निकेशने रोह्याला खोली घेतली, मशीन तिकडे नेलं. किमया पेणला गणपतीच्या कारखान्यात जाते, मूर्तीचे डोळे आखते. तिचा हात नेमका हवा तिथेच थांबतो, असं कान्हू फोनवर सांगत होता. मी फळीवर असतो. सुट्टीच्या दिवशी निकेश जोडीचाच खेळ लावतो. काळा त्याच्या हातात. मी फळीवरच. पडद्यावर बांधवाली हात खाली सोडून उभी राहते, मार खाते, मरते. ती मरताना मी थरथरतो, आमची बनावटच तशी आहे. खोलीत तेवढाच आवाज होतो.

गेल्या रविवारी त्याने फोन लावला. "किमे, ती भिंत कधी लावायची गो नेमकी?"

"बाबांना विचार," ती म्हणाली.

तो गावी गेला, मशीन आणि आम्हा दोघांना बॅगेत घेऊन. कान्हूने त्याला उघाडीवर नेलं. तीस वर्षांचा माणूस, याच बांधाचा तांदूळ खाऊन वाढलेला, आणि झडप पाण्याने लागताना त्याने पहिल्यांदा बघितली. पाणी आलं, झडप हलली, लागली. मग घरी येऊन त्याने खेळ लावला आणि मला हातात घेतलं. पाचव्या वेळी त्याला घाव उलटवता आला.

संध्याकाळी किमया कामावरून आली. त्याने मला तिच्यासमोर धरलं.

"त्या दिवशी रिमोट खराब नव्हता."

"मला म्हाईत हाय."

"मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "तेव्हाच." तिच्या बोटांना काळा रंग लागला होता. तिने माझ्या पाठीवरचं अक्षर बघितलं, पण हात पुढे केला नाही. "भात घालू का दादा?" असं विचारून आत गेली.

भिंत कधी लावायची ते निकेश शिकला. बोलायचं कधी होतं, तो क्षण तीन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी निघून गेला. ती पट्टी पुन्हा भरत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. मी प्लॅस्टिक आहे. तुमच्या घरी दोन नंबरचा रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा. त्या माणसाला काय येतं ते त्याला विचारा. आणि चारचौघांत कुणी 'रिमोट खराब आहे' म्हणालं, आणि तो खराब नाही हे तुम्हाला माहीत असलं, तर तिथेच बोला, घरी पोचेपर्यंत थांबू नका.

मी पुन्हा रोह्याच्या फळीवर आहे. पालथा ठेवलाय, म्हणून 'कि' वर आहे. नेलपॉलिश अजून गेलेलं नाही.