गोड्या पाण्याचा संशय

शिवणमावशींच्या घरात चहा कधी धड होत नसे. विहिरीचं पाणी असं खारट की दूध फाटायचं आणि साबणाला फेस येता येत नसे. साऱ्या गल्लीची हीच रड! तरीही समोरच्या रिकाम्या गोदामात खारं पाणी गोडं करणारं यंत्र बसलं, तेव्हा सगळ्यांत आधी आठ्या पडल्या त्या मावशींच्याच कपाळावर.

"फुकट पाणी? फुकट फक्त सल्ला मिळतो गं बाई, पाणी नाही!"

मावशींचं शिवणयंत्र खिडकीशीच होतं. टाके घालताना त्यांचा एक डोळा कापडावर, तर दुसरा गोदामावर. यंत्र चालवणारी संशोधक बाई रोज यायची, छतावरची सौर पॅनेलं पुसायची आणि आत शिरून दार लावून घ्यायची. कुणाशी चकार शब्द नाही. बाहेरच्या नळावरून कुणीही पाणी न्यावं; पण ती स्वतः प्यायची ते पिशवीतून आणलेल्या बाटलीतलं! एकदा मावशी मुद्दाम मागच्या अंगाला फिरून आल्या. तिथं एका पाइपातून हौदात पाणी पडत होतं.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. बाहीचं माप घेता घेता त्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, "स्वतः पीत नाही, आपल्याला पाजते. मागं काय सोडते देव जाणे. आपल्यावर प्रयोग चाललाय, दुसरं काय!"

राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ! कुणाचे केस त्या पाण्यानं गळू लागले. शेजारच्या मासळीवालीनं तर नवऱ्याच्या पोटदुखीचं खापरही यंत्रावर फोडलं. हळूहळू नळाकडे कुणी फिरकेना.

मावशींची लेक गरोदर होती. तिचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. मावशी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"अहो, म्हणजे घोटाघोटानं मीठच पोटात जातंय हिच्या! घरासमोर गोडं पाणी असताना?"

"त्यात काय असतं, कुणाला ठाऊक!"

"मग विचारा ना! लेकीचा जीव टांगणीला लावून अंदाज कसले बांधता?"

मावशी तिथून उठल्या त्या थेट गोदामाच्या दारात. दार धडाधडा वाजवलं.

"बाई, आज खरं सांगा. तुम्ही घरचं पाणी का पिता?"

संशोधक बाई गोंधळली. "घरचं? अहो, हे इथलंच. संध्याकाळी आतूनच भरून घरी नेते. माझे सासरेही हेच पितात. त्यातलंच सकाळी बाटलीत घेऊन येते."

"आणि मागच्या हौदात काय सोडता?"

ती मावशींना मागं घेऊन गेली. हौदाच्या कडेला पांढरी खपली धरली होती. "उन्हाच्या विजेवर पंप चालतो. तो खारं पाणी दाबानं एका बारीक पडद्यातून ढकलतो. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. ते मिठाचं पाणी जमिनीत सोडलं, तर तुमची विहीर आणखी खारट होईल. म्हणून इथं उन्हात सुकवते."

मावशींचं तरी समाधान होईना. "हे तुम्ही सांगताय!"

"मग माझ्यावर विश्वास ठेवूच नका. नळाची बाटली तुम्ही स्वतः भरा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगून प्रयोगशाळेत तपासून घ्या."

मावशींनी तसंच केलं. पाणी निर्मळ निघालं! त्या खाली मान घालून पुन्हा गोदामात आल्या.

"इतकं साधं होतं, तर आधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का नाही? मावशी, संशय घेतलात यात काहीच वावगं नाही. आम्हीही दिवसभर संशयच घेतो. पण ज्याचा येतो, ते तपासतो. तुम्ही साऱ्या गल्लीशी बोललात, मला सोडून!" मग ती थोडी ओशाळली. "चूक माझीही आहे. काम आपोआप बोलेल म्हणून दार लावून बसले. आता ते उघडंच ठेवीन."

मावशी घरोघर फिरल्या. सोपं नव्हतं ते! मासळीवाली फणकारली, "काल विष, आज अमृत? काय दिलं गं तुला तिनं?"

शब्द वर्मी लागला. आपणही असंच बोललो होतो! मावशी म्हणाल्या, "काही दिलं नाही. मी न विचारता बोलले, तू विचारून बोल. चल माझ्याबरोबर."

मासळीवाली कुरकुरत का होईना, आली. काही जण मात्र आलेच नाहीत. सोडलेला शब्द कुठं परत गोळा करता येतो! औषधानं आणि पाणी बदलल्यानं लेकीचा रक्तदाब उतरला आणि मावशींचा जीव भांड्यात पडला.

मंडळी, शंका जरूर घ्या. डोळे मिटून कुणाचं पाणीही पिऊ नका! पण ती शंका चार घरं फिरवण्याआधी, जिथं उत्तर आहे त्या एका दारावर तरी नेऊन विचारा.