विहिरीचा सतरावा मजला

"हे न्हवं," शालन म्हणाली.

भीमाशंकरने पडद्यावर पुढचं चित्र आणलं.

"हे पण न्हवं. ह्यातली माणसं लई मोठी हायती. आमची इत्तुशी हुती, काडेपेटीतल्या काडीएवढी."

सोलापूरच्या नवी पेठेतल्या जिन्याखालच्या त्या दुकानात शालन बनसोडे सलग तिसऱ्या दुपारी येऊन बसली होती. भीमाशंकर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बंद पडलेले प्रिंटर, पासवर्ड विसरलेले लॅपटॉप, हे त्याचं रोजचं काम. पहिल्या दिवशी ही अठ्ठावन्न वर्षांची बाई मुलाचा जुना लॅपटॉप पिशवीत घालून आली आणि म्हणाली, ह्यात एक खेळ घालून द्या. कोणता, तर विहिरीचा. नाव काय, तर नाव ठाऊक नाही, इंग्रजीत होतं.

"मावशी, नावाशिवाय शोधायचं कसं?" तो हसून म्हणाला होता.

तिने पिशवीतून वहीचा कागद काढला होता. त्यावर पेनाने एक खोल विहीर, आडवे मजले, शिड्या आणि दोन काड्यांची माणसं.

"ह्यो निळा, ह्यो तांबडा. निळा दगडावर हुबा ऱ्हायला की तांबड्याचं दार उघडतं. मग तांबडा पलीकडं जाऊन हुबा ऱ्हायला की निळ्याचं. एकट्याला खाली उतरताच येत न्हाई. मजल्या-मजल्यावर कंदील असत्यात, ते गोळा करायचे. आन् एक वटवाघूळ हाय, त्याला चुकवायचं."

भीमाशंकरला गंमत वाटली. इंटरनेटवर जुन्या खेळांचा एक साठा होता. हौशी लोकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ तिथे जपून ठेवले होते आणि प्रत्येकाचं एकेक चित्र लावलं होतं. चित्रं हजारो. त्याने तिला कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसवलं, पुढे जायचं बटण दाखवलं आणि तो आपल्या कामाला लागला. दोन दुपारी ती एकटीच बघत बसली. आज दुकानात कुणी नव्हतं, म्हणून तोही शेजारी स्टूल ओढून बसला.

"पण हाच खेळ कशाला हो? मोबाइलवर पायजे तेवढे खेळ आहेत की."

"मला एकटीला न्हाई पायजे. दोघींना पायजे," शालन म्हणाली. आणि मग एकदम, "थांबा. मागं घ्या."

तो एक चित्र मागे गेला. काळ्या पडद्यावर एक उभी, अरुंद विहीर होती. वरच्या काठावर दोन ठिपक्यांएवढी माणसं, एक निळं, एक तांबडं.

शालनने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला.

*

शालन मुलींच्या एका शाळेत शिपाई होती. मागच्या मे महिन्यात निवृत्त झाली. दोन हजार एक साली शाळेला कुठल्याशा कारखान्याने वापरून झालेले पाच कॉम्प्युटर दिले. त्यांच्यासाठी खोली रंगवली, जाड पडदे लावले, थंड हवेचं यंत्र बसवलं. सोलापूरच्या उन्हात अख्ख्या शाळेत तेवढी एकच खोली गार असायची. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरचे सर जेवायला जात. तेवढा वेळ खोलीची राखण करायला दोघी बायका बसत. एक शालन आणि दुसरी इमामबी.

इमामबी रोजंदारीवर होती. टाक्या भरणं, झाडलोट, पडेल ते काम. शालनपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा गेलेला, घरी एक मुलगी, आरजू. इमामबी मोठ्याने हसायची आणि त्यावरून बोलणीही खायची.

पाच नंबरच्या मशीनवर सर एक दिवस खेळ तसाच चालू ठेवून गेले. इमामबीने फडकं मारता मारता बाणाचं बटण दाबलं. तांबडा माणूस चालायला लागला.

"अगे, चल्या!" ती ओरडली. "शालन, चल्या गे ये!"

मग दुसरा कसा चालतो ते शोधायला शालन बसली. डाव्या हाताच्या अक्षरांनी निळा चालायचा. त्या दिवसापासून निळा शालनचा आणि उजवीकडच्या बाणांचा तांबडा इमामबीचा. सरांना आठवड्याभरात कळलं. त्यांनी फक्त जाताना मशीन बंद करायचं सोडून दिलं.

रोजची पस्तीस मिनिटं. घरी धुणं, स्वयंपाक, सासूचं अंथरूण. शाळेत घंटा, फायली, टाक्या. कुणाच्याही उपयोगाचं नाही असं शालनने आयुष्यात तेवढं एकच केलं. डबा एका हाताने खायचा, दुसरा हात अक्षरांवर. "दगडावनं हलू नगं गं, मेले की मी!" "कंदील घे, कंदील घे, त्यो मागं ऱ्हायला!" दोन वर्षांत त्या सतराव्या मजल्यापर्यंत पोचल्या. खाली किती मजले आहेत ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. तळाला पाणी असणार, असं इमामबी म्हणायची. शालनला वाटायचं, पाणी असतं तर कंदील कशाला ठेवले असते?

*

भीमाशंकरने खेळ उतरवून घेतला आणि सुरू केला. ओळखीची धून चिरकत निघून गेली, दोन्ही माणसं दिसली न दिसली तोच वटवाघूळ भिंगरीसारखं फिरलं आणि खेळ संपला.

"आरं द्येवा. ह्यांला काय झालं?"

"आजची मशीनं लई पळतात, मावशी. हा खेळ जुन्या मशीनच्या चालीवर बेतलेला. थांबा, ह्याच्या आत एक खोटं जुनं मशीन तयार करतो. खेळाला वाटेल आपण जुन्याच घरात आहोत." त्याने बराच वेळ काहीबाही टाइप केलं. "आता चाल कमी-जास्त करता येते. पण तुमच्या शाळेतलं मशीन कितीच्या चालीचं होतं, हे कसं कळणार?"

"मला कळतंय की," शालन म्हणाली आणि तिने अक्षरांवर बोटं ठेवली.

"हे?"

"पळतंय अजून."

"आता?"

"आता म्हशीवानी चाललाय. थोडं वाढवा... अजून थोडं... हां. थांबा. हितंच ठेवा."

निळा माणूस पहिल्या शिडीवरून उतरला, कंदील उचलला, वटवाघळाखालून वाकून गेला आणि दगडावर जाऊन उभा राहिला. तिची बोटं काही विचारत नव्हती. बावीस वर्षांपूर्वी थांबली होती तिथूनच बोटं पुढे चालू लागली होती. दार उघडलं. वरच्या काठावर तांबडा तसाच उभा होता.

"मी खेळतो तांबडा," भीमाशंकर म्हणाला. दोघं दोन मजले उतरले. तो चांगला खेळत होता, भराभर. तिसऱ्या मजल्यावर शालनने हात काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. आजच्याला बास."

"शेवट बघायचाय का? एक युक्ती आहे, थेट तळाच्या मजल्यावर जाता येतं. एकूण मजले..."

"सांगू नका!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की तो चपापला. मग ती ओशाळली. "तसं न्हवं. तिच्यासंगट बघायचंय. करमाळ्याला असती ती, लेकीकडं. लकवा मारलाय तिला पावसाळ्यात."

"शाळेतल्या मैत्रीण का? त्या पण रिटायर झाल्या?"

"तिला काढलं," शालन म्हणाली.

एवढं बोलून ती थांबली. पण भीमाशंकर काम सोडून तिच्याकडे बघत होता, आणि हे तिने बावीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पाणी संपलं म्हणून ती कळशी घेऊन बाहेर गेली होती. परत आली तर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं आणि आतून मोठ्या बाईंचा आवाज. बाई नुकत्याच बदलून आलेल्या, कडक. इमामबी मान खाली घालून उभी होती. पडद्यावर निळा आणि तांबडा. मशीनपुढे दोन खुर्च्या.

"एकटीच होतीस?" बाईंनी विचारलं.

"व्हय जी," इमामबी म्हणाली.

शालन दाराबाहेर कळशी धरून उभी राहिली. सहा वर्षं रखडलेला तिच्या कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात वर गेला होता. आत जावं असं तिला वाटलं. पाय उचलले नाहीत. पुढच्या एक तारखेपासून इमामबीला येऊ नको म्हणून सांगितलं. डिसेंबरात शालन कायम झाली.

"आन् मी तिच्या घरी गेले न्हाई," ती म्हणाली. "आज जाऊ, उद्या जाऊ, करत अकरा म्हैने. गेले तवा तिनं च्या केला, आरजूचं लगीन ठरल्यालं सांगितलं. ह्या गोष्टीचं दोघी बी बोललो न्हाई. पुढं ईदला फोन, जयंतीला फोन. बरं हाय का? बरं हाय. एवढंच."

भीमाशंकरने लॅपटॉप मिटून तिच्या पिशवीत नीट ठेवला. "तिथं गेल्यावर अडलं काही तर मला फोन करा," तो म्हणाला. "कधी पण करा."

*

करमाळ्याची गाडी टेंभुर्णीला बराच वेळ थांबली. शालन पिशवी मांडीवरून न हलवता बसून राहिली. मनातल्या मनात तिने सगळं परत तपासलं. चार्जर घेतला. खेळ कुठून उघडायचा ते कागदावर लिहून घेतलं. चाल बरोबर आहे.

आरजूचं घर बाजार समितीच्या मागे होतं. तिने दारातच हळू आवाजात सांगितलं, "खाला, अम्मी बोलत न्हाई कुणाशी. बोललेलं लोकांना समजत न्हाई, मग तिला राग येतो. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

इमामबी खाटेवर उशीला टेकून बसली होती. ओठांचा एक कोपरा खाली ओढला गेलेला. तिने शालनकडे पाहिलं आणि डाव्या हाताने खाट थोपटली, बस म्हणून.

शालनने खाटेला स्टूल लावलं, लॅपटॉप उघडला, कागद बघत बघत बटणं दाबली. धून सुरू झाली. इमामबीच्या भुवया वर गेल्या. तिने पडद्याकडे पाहिलं, शालनकडे पाहिलं, परत पडद्याकडे. घशातून एक आवाज निघाला.

"व्हय. त्योच," शालन म्हणाली. "खेळ की. बाण हितं हायती बग, उजव्या..."

आणि ती थांबली. इमामबीचा उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर करून, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. इतके दिवस शालनने मशीनच्या चालीचा विचार केला, गाडीच्या वेळेचा केला. हा विचार तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

इमामबीने डावा हात उचलला. तो हळूहळू पुढे आला आणि अक्षरांवर टेकला.

"मी... निळा," ती म्हणाली. शब्द चिकटत होते, पण शालनला नीट कळले. "तू... सरक."

शालन उठून उजव्या बाजूला बसली. तिच्या बोटांना बाणांची सवय नव्हती. तिचा तांबडा पहिल्याच शिडीवरून पडला, मग वटवाघळाच्या तोंडात गेला, मग कंदील मागेच राहिला.

"अगे... अकल... हाय का?" इमामबी म्हणाली.

शालनला हसू आलं. इमामबीही हसली, अर्ध्या तोंडाने, पण आवाज तोच, मोठा. आरजू पिठाच्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच उभी राहिली. जरा वेळाने परत आत गेली.

तिसऱ्या मजल्यावर शालन पडद्याकडे बघतच म्हणाली, "इमामबी, त्या दिशी मी दाराशी हुते. कळशी घेऊन. आत आले न्हाई."

इमामबीचा हात थांबला.

"दिसलीस," ती म्हणाली. "पाय... दिसले."

"मग माजं नाव का न्हाई घेतलंस?"

इमामबी शब्द गोळा करत होती. शालनने मध्ये काही पुरवलं नाही.

"म्हनलं... एकीची तरी... ऱ्हाऊ दे." मग श्वास घेऊन, "पन... घरी... यायचं हुतंस. मी... वाट बगितली."

शालनच्या डोळ्यांपुढचा पडदा धूसर झाला. जाऊ दे, झालं गेलं, असं काहीतरी इमामबी पुढे म्हणेल असं तिला वाटलं. इमामबी म्हणाली नाही.

"व्हय," शालन म्हणाली. "यायचं हुतं."

इमामबीने मान हलवली. मग बोटाने पडद्यावरचा कंदील दाखवला. त्या परत खेळायला लागल्या.

पाचवा मजला उतरायला दुपार गेली. सहाव्यावर तांबडा दारापाशी पोचला, तरी निळा दगडाकडे येईना. शालनने वळून पाहिलं. इमामबीला झोप लागली होती. मान उशीवर कलली होती, तोंड थोडं उघडं. डाव्या हाताचं एक बोट मात्र अक्षरावर तसंच दाबलेलं होतं, त्यामुळे निळा माणूस भिंतीला तोंड लावून जागच्या जागी चालत होता.

आरजू चहा घेऊन आली. "खाला, तुमची चारची गाडी जाईल की," ती कुजबुजली.

"जाऊ दे," शालन म्हणाली. "पुढची असंल."

तिने चहाचा कप खाली जमिनीवर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून हळूच. पडद्यावर निळ्याचे पाय हलत होते. शालनने ते बोट उचललं नाही. ती बघत बसली.