आला तो मॅनेजर नव्हता

पुष्पाबाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. बावीस वर्षं त्या चर्चमध्ये दृढीकरणाचे वर्ग घेत होत्या. आठवीची पोरं बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची उत्तरं घडाघडा म्हणून मोकळी व्हायची. आणि हा अठ्ठावन्न वर्षांचा अप्पाराव, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचा कामगार, तिघे मिळून एकच देव कसा, या एकाच प्रश्नावर तीन आठवडे अडून बसला होता. रविवारी बिशप येणार होते. बायको कौसल्येशेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचं तर आधी दृढीकरणात सगळ्यांसमोर विश्वास कबूल करायला हवा, आणि या गृहस्थाला खोटं बोलायचं नव्हतं.

पाणी, बर्फ, वाफ सांगून झालं होतं. "बर्फ झाला म्हंजे पाणी उरत न्हाई," तो म्हणाला होता. "मंग येशू वधस्तंभावर होता तवा बाप कुठं गेल्ता?" तीन भावांचं एक घर सांगितलं, तर म्हणे, "हे तर तीन देव झाले, बाई." दोन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं. बाईंना जास्त राग त्याचाच आला होता.

आज त्यांनी वैतागून सोपं करून टाकलं. "मालक मॅनेजरला पाठवतो ना? तसं देवानं पुत्राला पाठवलं. संपला विषय."

अप्पाराव उठलाच. "सुमित भट्टीपाशी भाजून गेला तवा मालकानं मॅनेजरलाच पाठवल्तं. हार घिऊन. सोता आला न्हाई. असला देव मला नको."

सुमित त्याचा थोरला. गेल्या वर्षी गेला. बाईंना हे ठाऊक होतं, तरी जीभ सैल सुटली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. इतकी वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलेलं उत्तर काय म्हणतं, ते त्यांना आत्ता कुठे कळलं.

"चुकलं माझं. बसा," त्या म्हणाल्या. "मॅनेजर नव्हता तो. पुत्र म्हणजे देवच, बापापेक्षा तसूभरही कमी नाही. देव स्वतः आला होता."

"आन् बाप?"

"बापाचं पोरगं गेलं, अप्पाराव."

तो खाली बसला.

"मंग त्याला ठाऊक हाय," तो म्हणाला. मग खाली बघत विचारलं, "सुमित गेला तवा काही दिस, कौसल्या कामाला गेली की मी घरात बसून राह्यचो. कोणी नसायचं, पण एकटं वाटायचं न्हाई. त्यो तिसरा का?"

"तोच," त्या म्हणाल्या.