एकाच घावाचं हेल्मेट

मित्रांनो, या दुकानात शिरताच समोरच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेले दोन पिवळे तुकडे दिसतात ना, ते मीच. एके काळी मी अखंड होतं. डोंगरकडे चढणाऱ्यांच्या डोक्यावर बसणारं, पिवळंधमक, हलकं हेल्मेट. आता मी जुनं झालं आहे, आणि मला कुणी विकतही नाही, टाकूनही देत नाही. माझी गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवतं. तिच्यात रक्त आहे. पण ती ऐकल्याशिवाय तुम्ही कुठल्याही दुकानात काही परत करायला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

माझा जन्म आगीतला. वितळलेलं प्लास्टिक लोखंडी साच्यात दाबून माझी कवटी घडली. आत फेसाचा पांढरा थर बसवला, त्यावर मऊ कापड शिवलं, हनुवटीखाली पट्टा आला. कारखान्यात एक रिवाज होता. आमच्या प्रत्येक घाण्यातलं एक भावंड उचलून लोखंडी ठोकळ्याखाली ठेवत आणि ठोकळा वरून सोडत. धाड! तपासनीस बाई मग आत बोट घालून बघे आणि समाधानाने म्हणे, "छान चुरलंय!" माझ्याशेजारचंच भावंड असं गेलं. आम्ही बाकीची ओळीत उभी राहून बघत होतो. त्याच दिवशी आम्हाला आमचं काम कळलं. घाव आपल्या अंगावर घ्यायचा, आतल्या आत चुरायचं आणि खालच्या डोक्याला कळू द्यायचं नाही. मात्र हे एकदाच. दुसऱ्या मोठ्या घावाला द्यायला आमच्यापाशी काही उरत नाही.

तिथून मी या दुकानात आलं. चढणीच्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीवाल्याला लागून असलेलं हे लहानसं दुकान. छताला तंबू टांगलेले, भिंतीवर दोरांची वेटोळी, आणि गल्ल्यामागे मालकीणबाई. त्यांना सगळे मावशी म्हणत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि जीभ कधी म्हणून जागेवर नाही. मागच्या खोलीत शिलाई मशीनवर त्यांचे यजमान बसत. ते काका. फाटलेल्या पिशव्या आणि उसवलेले पट्टे शिवणं हे त्यांचं काम. गल्ल्यावर मावशींनी एक पाटी लावली होती: 'वापरून पाहा. पटलं नाही तर महिन्याच्या आत परत आणा. तोंड वाकडं करणार नाही.' त्या पाटीचा मावशींना फार अभिमान. परत आलेली प्रत्येक वस्तू आधी काकांकडे जाई. काका बुटांचे तळवे काढून बघत, तंबूचे सांधे उलटून बघत, हेल्मेटचं अस्तर सोडवून आत बोट फिरवत. त्यांनी मान डोलावली तरच वस्तू पुन्हा फळीवर चढे. नाही तर मोडीत.

मला पहिल्यांदा घेतलं ते गेंड्याने. हे त्याचं टोपणनाव. मान अशी जाड की पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सोडावा लागला. माणूस वाईट नव्हता हो. मोठ्याने हसायचा, सोबत्यांना उचलून फिरवायचा. चढताना बारीकसारीक खडे माझ्यावर ताडताड वाजत, तेव्हा तो मला वरून थोपटायचा. "शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणायचा. त्या थोपटण्याची आठवण मला अजून येते. खोटं कशाला बोलू?

मग तो दिवस आला. गेंड्या कड्याच्या मध्यावर होता. खाली त्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे मेव्हणा, दोर धरून उभा. गेंड्याने हात घातला तो खडक सैल निघाला आणि हातातच निखळला. गेंड्या पडला. पडताना पाय दोरात अडकला, माणूस उलटा झाला. दोर ताणला गेला आणि तो गरगरत येऊन कड्याच्या पोटावर आदळला. डोकं आधी. म्हणजे मी आधी.

मित्रांनो, तो आवाज मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझ्या आत काहीतरी करकरलं, दबलं आणि तुटलं. कवटी मात्र वाकून परत जागेवर आली. बाहेर एक लांब ओरखडा, बस.

"दाजी! अहो दाजी! जिवंत आहात का?" खालून मेव्हणा किंचाळला.

"आहे रे, ओरडू नकोस!" गेंड्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली. जीभ चावली गेली होती. बाकी डोकं शाबूत. माझा जीव देऊन मी ते वाचवलं होतं. तिथेच माझं आयुष्य संपलं असतं तर मी सुखाने मोडीत गेलं असतं.

पण घरी परतल्यावर मेव्हण्याच्या डोक्यात भलतंच आलं.

"दाजी, महिना कुठे झालाय अजून? देऊन टाका परत."

"आदळलंय ना रे ते."

"दिसतंय का कुठे? हा एवढा ओरखडा. दातांची पेस्ट लावून घासा, जातो की नाही बघा. आणि सांगा, घट्ट होतंय म्हणून. तुमची मान बघून कुणालाही पटेल."

 गेंड्या उठून मोरीकडे गेला. ज्या हाताने मला थोपटलं होतं, त्याच हाताने त्याने माझी जखम घासून घासून पुसली. ओरखडा गेला. मी पुन्हा नव्यासारखं चकाकू लागलं.

आता नशीब बघा. त्या आठवड्यात मावशी आणि काका यांचा अबोला चालू होता. कारण काय, तर काका मशीनवर बसून रेडिओ मोठ्याने लावत. मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येत नाही." काका म्हणाले, "तू त्यांना बोलू देतेस कुठे?" एवढ्यावर तोंडं फिरली होती.

गेंड्याने मला गल्ल्यावर ठेवलं. "मावशी, घट्ट होतंय हो. कानशिलं दुखतात."

"अरे, तुझी मान आहे की खांब! आण इकडे." मावशींनी मला हुंगलं. "वा! वास किती छान येतोय. वस्तू ठेवावी तर अशी." मग त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत रेडिओ मुद्दाम मोठा झालेला. मावशींनी ओठ घट्ट मिटले. मडकं घेताना वाजवून बघतात तसं मला बोटांनी वाजवलं. टण्! आवाज खणखणीत आला. येणारच, कवटी धड होती. अस्तर उचलून आत कुणी बघितलंच नाही. मी फळीवर परत गेलं, नव्यांच्या रांगेत. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मी मेलेलं आहे, मला नव्यांत ठेवू नका.

दुसऱ्यांदा मला घेतलं एका पोस्टमनने. दिवसभर टपालाची पिशवी घेऊन चालणारा हा सडपातळ माणूस सुट्टीच्या दिवशी कडे चढे. त्याची बायको बेकरीत कणीक मळायची. तिची मनगटं लोखंडाची. खाली दोर धरायला तीच उभी राहायची, आणि ती दोर धरून असताना तिच्या नवऱ्याला कसली भीती नसे.

"अहो, पट्टा आवळा नीट," ती म्हणायची. "ते डोकं मला घरी परत न्यायचंय."

"एवढं काय ठेवलंय त्या डोक्यात?"

"काही नाही. रिकामं असलं तरी माझं आहे."

हे ऐकलं की मला माझ्या आतला चुरा आठवायचा. पहिल्या दोन चढाया निभावल्या. तिसऱ्या वेळी वरच्या काठावरून रानबकऱ्या पळाल्या. एक दगड सुटला. मुठीएवढाच. धडधाकट असतं तर तो मी हसत झेलला असता. पोस्टमनने वर बघितलं नाही, खांदे आकसून मान खाली घातली, अगदी शिकवल्याप्रमाणे. त्याने सगळं बरोबर केलं. दगड आला आणि मी कपाळापासून मागपर्यंत सरळ दुभंगलं. माझ्या कडा त्याच्या कातड्यात घुसल्या. गरम रक्त माझ्या अस्तरात भरलं, ओसंडलं आणि खडकावरून ओघळू लागलं. तो ओरडलासुद्धा नाही. दोरावर नुसता लोंबकळला.

त्याच्या बायकोने त्याला खाली घेतलं. ओढणी सोडून डोक्याला करकचून बांधली. मग त्याला पाठीवर टाकलं आणि दगडधोंड्यांतून धावत सुटली. दोनदा पडली. गुडघे फुटले. उठली, पुन्हा धावली. माझे दोन तुकडे पट्ट्याला लोंबत तिच्या कमरेवर आपटत होते.

पोस्टमन जगला. पण डावा कान कायमचा गेला. उजवा हात थरथरू लागला, पाकिटांवरची अक्षरं डोळ्यांपुढे नाचू लागली. त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली.

तो दवाखान्यातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बेकरीवाली दुकानात आली आणि तिने मला गल्ल्यावर आपटलं. वाळलेल्या रक्ताची खपली उडून पाटीवर पडली.

"पटलं नाही," ती म्हणाली. "परत घ्या."

 रेडिओ बंद झाला. काका बाहेर आले, त्यांनी मला उचललं, अस्तर सोडवलं आणि आत बोट फिरवलं. "ही फूट ताजी," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि हा चुरा जुना. याच्यात घाम मुरलाय. बाई, हे तुमच्या घरी आलं तेव्हाच मेलेलं होतं."

"मग विकलंत कसं?"

"परत आलेलं होतं," मावशी म्हणाल्या. "मी नुसतं वाजवून घेतलं. यांना दाखवलं नाही."

"का नाही दाखवलं?"

मावशींनी मान खाली घातली. "आम्ही बोलत नव्हतो."

बेकरीवाली हसली. तसं हसू मी पुन्हा ऐकलं नाही, ऐकायची इच्छाही नाही. "माझ्या माणसाला एका कानाने ऐकू येत नाही आता. आणि तुम्ही दोघं, चारही कान धड असून, बोलत नव्हतात?"

काकांनी निरोप पाठवून गेंड्याला बोलावलं. तो हसतच आला, नवा दोर आला असेल म्हणून. मला बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"घट्ट होत होतं. तेव्हाच सांगितलं होतं मी," तो म्हणाला.

"आदळलं होतं का?" काकांनी विचारलं.

"छे! बाहेरून चरा तरी होता का? मावशींनीच तर..."

त्याचं बोलणं पुरं झालं नाही. बेकरीवालीने माझा एक तुकडा उचलला आणि कणकेचा गोळा आपटावा तसा सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. तो एवढा मोठा माणूस तंबूच्या खांबांवर कोसळला, खांब खडखडत त्याच्या अंगावर आले. तिने दुसऱ्यांदा हात उचलला. मावशींनी गल्ल्यावरून झेप घेऊन तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"पुरे, पोरी! याचं डोकं फोडून तुझ्या नवऱ्याचा कान परत येणार आहे का?"

"नाही येणार," ती धापा टाकत म्हणाली. "पण मला बरं वाटलं."

मला बरं वाटलं नाही, मित्रांनो. डोकी वाचवायला मी जन्मलं होतं. पहिलं वाचवलं, दुसरं वाचवता आलं नाही, आणि आता पहिलंच डोकं मी माझ्या कडेने फोडलं.

गेंड्या रक्त पुसत जमिनीवर बसून राहिला. मग लहान मुलासारखा म्हणाला, "आदळलं होतं. उलटा पडलो होतो मी. ओरखडा पेस्टने घासला. वाटलं, दिसत नाही म्हणजे काही झालं नसेल."  काकांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. पुढे तो पोस्टमनच्या घरी गेला होता म्हणतात. दार उघडलं नाही. तो अजून अधूनमधून जातो, आणि दार अजून उघडलेलं नाही.

मावशींनी ती पाटी काढली नाही. काढावी असं शेजारी म्हणाले, पण त्या म्हणाल्या, "चूक पाटीची नाही." माझे तुकडे मात्र त्यांनी न धुता गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगले. परत आलेलं हेल्मेट कुणी गल्ल्यावर ठेवलं की त्या माझ्याकडे बोट दाखवतात आणि गप्प राहतात. मावशी आणि गप्प! लोक आपण होऊन बोलू लागतात. कुणी सांगतं, जिन्यावरून पडलं. कुणी सांगतं, गाडीखाली आलं. मावशी रागावत नाहीत. वस्तू हातात घेतात, पट्टा कापतात, कवटी फोडतात आणि मगच मोडीत टाकतात.

मित्रांनो, वापरलेली वस्तू परत करणं हे पाप नाही. बुटाचा तळवा पहिल्याच पावसात सुटला, तंबूची शिवण आपोआप उसवली, दुकानदाराने सांगितलं एक आणि निघालं भलतंच, तर ताठ मानेने परत करा. तो तुमचा हक्क आहे. पण जी वस्तू तुमच्यासाठी घाव सोसून कामी आली, तिची जखम पुसून तिला पुन्हा कामाला जुंपू नका. तिला मरू द्या. आमच्या जातीला मरणाचं भय नाही. जिवंत असल्याचं सोंग करावं लागतं, त्याचं आहे.

आणि एक करा. परत करताना दुकानदाराकडे बघून बोलू नका. ती वस्तू तुमच्यानंतर ज्याच्या डोक्यावर, पायात किंवा कमरेला जाणार आहे, ते माणूस गल्ल्यामागे उभं आहे असं समजा. त्याच्या डोळ्यांत बघा, आणि काय झालं ते त्याला सांगा.