पद्मावतीआक्कांची गाठ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कपडा आहे. पाणी गाळायचा. चहाच्या गाळणीशी माझं काही नातं नाही. ती प्लॅस्टिकची आहे, याहून जास्त मी तिच्याविषयी बोलणार नाही.

निपाणीजवळच्या एका मागावर मी जाड सुताचा विणला गेलो. पद्मावतीआक्कांनी मला दुहेरी शिवून स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला बांधलं. नळाला पाणी येतं ते परसातल्या विहिरीचं. घर जैनांचं, न गाळलेल्या पाण्यानं तिथं कुणी पायसुद्धा धूत नाही. एकदा मुनीमहाराजांच्या आहाराला माझ्यातून गाळलेलं पाणी गेलं, तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, "कपडा असावा तर असा." त्यानंतर माझी स्तुती झाल्याचं मला आठवत नाही. पुढं आक्कांच्या मुलानं, जिनेंद्रनं, पाणी शुद्ध करायचं यंत्र आणलं. यंत्राला निळा दिवा आहे. मला नाही. सगळे यंत्राचं गुणगान करू लागले. आक्का मात्र यंत्रात जाणारं पाणीही आधी माझ्यातूनच सोडत. यंत्राला काय वाटलं ते माहीत नाही. मला बरं वाटलं.

नळाला बांधलेल्या कपड्याला घरातलं सगळं कळतं. गुपित बोलायचं असलं की ही माणसं स्वयंपाकघरात येतात आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतात. माझा विचार कुणी करत नाही.

यंदा उन्हाळ्यात आक्कांच्या छातीत गाठ निघाली. बेळगावच्या दवाखान्यात तपासणी झाली. मायलेक परत आले, आक्का देवदर्शनाला गेल्या आणि इकडं नळ भसाभस सुटला.

"कॅन्सर हाय," जिनेंद्र म्हणाला. "ऑपरेशन ह्याच महिन्यात पाहिजे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आईला समजावून सांगा. मी व्हय म्हणून आलो."

"आणि सांगितलासा?" सूनबाई प्रियानं विचारलं.

"कसं सांगू? धसका घेईल ती."

आक्कांचे यजमान पारिसाआप्पा डोळे पुसत म्हणाले, "त्या रोगाचं नावसुदीक काढू नका घरात. साधी गाठ म्हणून सांगू."

त्या तिघांचा आक्कांवर फार जीव. इतकं खोटं माणूस उगाच बोलत नाही.

अडचण एकच झाली. आक्कांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

"साधी हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग कापायची कशाला? चातुर्मास होऊ दे. दिवाळी झाल्यावर बघू."

नळ सुटला. दुसऱ्या दिवशी गाठ 'तशी साधीच, पण जरा कमी साधी' झाली. आक्का बधल्या नाहीत. मग ती 'हट्टी' झाली. आक्का म्हणाल्या, "मी बी हट्टीच हाय." महिना सरत चालला. गुपितांपायी वरची टाकी दोनदा रिकामी झाली, पण बेळगावला जायचं काही ठरेना.

अशात आप्पांनी मन हलकं करायला आपल्या भावाला सांगितलं. भावानं बायकोला. लगेच धाकट्या जाऊबाई दारात! एका लग्नातल्या वाढपावरून त्यांनी आक्कांशी बोलणं सोडलं होतं. त्या हात जोडून म्हणाल्या, "आक्का, जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा करा."

अशी क्षमा आमच्यात भाद्रपदातलं पर्व संपलं की मागतात. आणि हा होता ज्येष्ठ. मग अनगोळहून नणंद आली, तीही हात जोडून. संध्याकाळी शेजारची आली. तिचं तर कधी काही चुकलंही नव्हतं.

आक्का जाऊबाईंना म्हणाल्या होत्या, "काय गं, यंदा भाद्रपद लवकर आला व्हय?"  शेजारणीला निरोप देऊन त्या स्वयंपाकघरात आल्या. तिघं तिथंच होते. आक्कांनी नळ बंद केला आणि मला सोडून हातात घेतलं.

"जिनू, पाणी गाळून झाल्यावर कपड्याचं काय करतो आपण?"

"उलटा करून धुतो. ते पाणी हिरीत सोडतो."

"का?"

"अडकलेलं जीव... जिथलं तिथं जावंत म्हणून."

"मग माझ्यापासनं जे गाळून ठेवलासा, ते माझं मला द्या."

जिनेंद्रनं आप्पांकडं बघितलं. शेवटी आप्पाच म्हणाले, "कॅन्सर हाय गं, पद्मा."

शब्द घरात नळ बंद असताना उच्चारला गेला. भिंत पडली नाही. चुलीवरचं दूध उतूसुद्धा गेलं नाही. आक्का मात्र पाटावर बसल्या आणि मला मुठीत पिळत राहिल्या. माझ्यातलं पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "आणि मी दिवाळीपतोर थांबले असते तर? गप बसूनच मारणार हुतासा व्हय मला?"

जिनेंद्र रडायला लागला. "रडायचं ते बेळगावला जाऊन आल्यावर," आक्का म्हणाल्या. "प्रिया, उद्याचा डबा बांध."

प्रवासातही त्यांना पाणी गाळूनच लागतं, म्हणून पिशवीत मी होतो. डॉक्टर विद्युल्लताबाई सवयीनं जिनेंद्रकडं बघून बोलू लागल्या. आक्का म्हणाल्या, "मॅडम, तिकडं काय बघताय? गाठ माझी हाय."

डॉक्टरांनी खुर्ची आक्कांकडं वळवली आणि सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन, पुढची औषधं, केस जाणं. आक्कांनी विचारलं, "दिवस मावळल्यावर मी तोंडात काय घालत न्हाय. गोळ्या तशा बसवता येतील?" हे घरातल्या कुणाला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या.

"बरी होईन न्हवं?"

"खात्री देत नाही, काकी. पण अजून वेळेत आहात."

"चालतंय. मग कापायचं कधी?"

येत्या सोमवारी ठरलंय. आक्का सगळ्यांना स्वतः फोन करून आजाराचं नाव घेऊन सांगतात. पलीकडचा गप्प झाला की म्हणतात, "हॅलो, कॅन्सर मला झालाय, तुझी वाचा का बसली?"

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'आमची निगा राखा' असं म्हणायचं असतं. माझी नाही राखली तरी चालेल. मी सुती आहे, फाटलो तर फडकं होईन. पण तुमच्या घरी मोठी माणसं नळ सोडून कुजबुजू लागली, तर तुम्ही आजारी माणसाजवळ जाऊन बसा. त्यानं विचारलं, "मला काय झालंय रं?" तर तुम्हाला माहीत नसेल. हरकत नाही. मोठ्यांना हाताला धरून बोलावून आणा आणि म्हणा, "ह्यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय." फक्त 'काही नाही' एवढं म्हणू नका.