एक्कावन्नला मी होय म्हणालो

मित्रांनो, मी एक प्रोग्राम आहे. वय तीन दिवस, पण सोसलेलं पाहता मला जुनाच समजा. माझं काम एवढंच: संख्येत शून्य आणि एक सोडून दुसरा अंक नसेल तर ‘होय, बायनरी’ म्हणायचं. असेल तर ‘नाही’.

माझा जन्म झाशीत, सीपरी बाजारात, कश्मिराच्या लॅपटॉपवर झाला. तिची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती. पास झाली तरच पुढच्या कोर्सला प्रवेश. घाईत तिनं ‘होय’ची ओळ चुकून, शेवटून एकेक अंक तपासणाऱ्या फेरीच्या, म्हणजे लूपच्या, आत ठेवली. झालं! शेवटचा अंक शून्य किंवा एक दिसला, की बाकीचे न बघताच मी ‘होय’ म्हणून मोकळा.

ही चूक पहिल्याच तपासणीत कळली असती. पण शेजारी तिच्या आई, अलकनंदाबाई, बसल्या होत्या.

“पहिल्यांदा चालवतेस ना? मग शुभ आकडा घाल. अकरा.”

होय.

“आता एकशे एक.”

होय.

मऊरानीपूरहून सुभाषचंद्रमामांनी फोनवर एक हजार एक सुचवला. होय!

“वाह, बड़ा होनहार है भई!” मामा म्हणाले.

आईंनी मला कुंकू लावलं. स्क्रीनवर. अहो, मी प्रोग्राम आहे, नवरदेव नाही! कुणीतरी बारा घाला, एकतीस घाला! पण मला दोनच शब्द येतात, आणि त्यातला एक अजून कुणी ऐकलाच नव्हता.

परीक्षेत सुमेध सरांनी ५१ टाकला. मी शेवटचा एक पाहिला आणि छाती फुगवून म्हणालो, होय.

“बेटा, ये पाँच बाइनरी में कब से आने लगा?”

कश्मिरानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “सर, दस मिनट दीजिए ना.”

“पाँच मिलेंगे.”

तिनं बारा टाकला. नाही. एकवीस टाकला. होय.

“गधड्या, शेवटचाच अंक बघतोस तू!”

मित्रांनो, ओळ लिहिली कुणी आणि गधडा कोण!

तिनं ती ओळ उचलून फेरीबाहेर ठेवली. आता सगळे अंक बघितल्याशिवाय ‘होय’ नाही. पुन्हा ५१.

नाही.

सर हसले. पास!

लॅपटॉप काखेत मारून ती बाहेर धावली. दारात आई.

“काय म्हणाला गं?”

“नाही म्हणाला, आई! चक्क नाही म्हणाला!”

आईंनी कपाळाला हात लावला. “असू दे हो बाळ. पुढच्या वर्षी पुन्हा बसू.”

मित्रांनो, तुमच्या प्रोग्रामवर माया असेल, तर त्याला नाही म्हणायचीही संधी द्या. आणि कुणीतरी आईंना सांगा हो, पोरगी पास झालीये.